दगड सांगतो एक, नोंदवही सांगते दुसरं: इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारात पूर्वज शोधताना अडतं कुठे

अडचण बहुतेक वेळा सारखीच असते. घराण्यातल्या माणसाचं नाव माहीत असतं, गाव माहीत असतं, मृत्यूचं साल अंदाजाने ठाऊक असतं. ऑनलाइन सूचीत शोधलं की एकतर काहीच येत नाही, नाहीतर त्याच नावाची चार माणसं पुढे उभी राहतात. चर्चच्या आवारात थडगं शोधायला जावं, तर दगड नसतो. असला तर वाचता येत नाही. वाचता आला तर त्यावरची तारीख नोंदवहीशी जुळत नाही. मग दोघांपैकी एकाला खोटं ठरवून लोक पुढे जातात आणि वंशवृक्षाला भलतीच फांदी फुटते.

दफनाची नोंद पाद्र्याने किंवा त्याच्या कारकुनाने चर्चच्या कामासाठी केलेली असते. दगडावरचा मजकूर घरच्यांनी सांगितलेला आणि पाथरवटाने कोरलेला असतो, कधी कधी मृत्यूनंतर वीस वर्षांनी. दोघांची कामं वेगळी, वेळ वेगळी, माहिती देणारा माणूसही वेगळा. त्यामुळे दोन्हींत फरक दिसला की कोण चुकलं हे नंतर ठरवा. आधी दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का ते बघा. पुढचं सगळं मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समधल्या अँग्लिकन, म्हणजे तिथल्या अधिकृत चर्चच्या, पॅरिशबद्दल आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतलं गाव किंवा भाग.

तारखा जुळत नाहीत

फरक किती आहे ते आधी मोजा. दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंतचा फरक असेल तर अडचणच नाही. दगडावर मृत्यूची तारीख असते, नोंदवहीत दफनाची. नोंदवहीतली तारीख दगडावरच्या तारखेच्या आधीची असेल तर मात्र थांबायला हवं. एकतर दगडावरचा आकडा चुकीचा कोरला किंवा वाचला गेलाय, नाहीतर ती माणसं दोन आहेत. एका वर्षाच्या फरकाचं कारण मात्र वेगळं असू शकतं.

फरक नेमका एका वर्षाचा आणि महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च असेल, तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे नोंदवहीत १७३० सालचा डिसेंबर संपला की पुढचे जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतचे दिवसही १७३० मध्येच मोडायचे. मे १७३० मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल फेब्रुवारी १७३० मध्ये पुरलेलं दिसतं ते यामुळे. आपल्या गणनेनुसार तो फेब्रुवारी १७३१ आहे. अशी तारीख उतरवताना दोन्ही सालं लिहायची: १० फेब्रुवारी १७३०/३१. नुसतं "१७३१ केलं" असं करू नका. पुढचा माणूस त्यात आणखी एक मिळवतो, आणि काही ऑनलाइन सूचींत हे झालेलंही आहे.

सूचीतलं साल मूळचं आहे की बदललेलं, हे कळायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. पानाचं स्कॅन उघडा आणि मागच्या-पुढच्या नोंदी बघा. डिसेंबरनंतरच्या जानेवारीवर तेच साल असेल तर नोंदवही जुन्या पद्धतीची. १७५१ च्या भागात जानेवारी ते २४ मार्च या नोंदी दिसल्या नाहीत म्हणून पानं फाटली असं समजू नका. ते वर्ष २५ मार्चला सुरू झालं आणि ३१ डिसेंबरला संपलं, तेवढंच होतं. त्यापुढच्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. म्हणून ३ ते १३ सप्टेंबर १७५२ यातली कुठलीही तारीख कुणी इंग्लंडच्या नोंदीत दाखवली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये मात्र १६०० पासूनच वर्ष १ जानेवारीला सुरू होत होतं. सीमेजवळच्या घराण्यांत हा घोळ हटकून होतो.

क्वेकर या स्वतंत्र ख्रिस्ती पंथाच्या नोंदी आणखी वेगळ्या. ते महिन्यांची नावं न लिहिता "पहिला महिना", "दुसरा महिना" असं लिहीत, आणि १७५१ पर्यंत पहिला महिना म्हणजे मार्च. तसंच इतर नोंदवह्यांत "७बर", "८बर", "९बर", "एक्सबर" असं दिसलं तर ते सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सातवा, आठवा महिना नव्हे.

वय जुळत नाही, आणि बाप्तिस्माही सापडत नाही

दगडावर "वयाच्या ५७व्या वर्षी" असं कोरलेलं असेल तर माणूस ५६ पूर्ण करून गेलेला आहे. मृत्यूच्या सालातून थेट ५७ वजा करणारे बरेच असतात, आणि तिथेच शोध चुकीच्या पानावर जातो. समजा मृत्यू १२ मार्च १७९७ ला झाला आणि दगडावर ५७वं वर्ष लिहिलंय. पूर्ण वय ५६. मग जन्म १३ मार्च १७४० ते १२ मार्च १७४१ या वर्षभरात कधीतरी. आता यावर जुनं कॅलेंडर चढवा. १७४१ चे जानेवारी ते १२ मार्च नोंदवहीत "१७४०" खाली असतील, आणि १३ ते २४ मार्च १७४० हे "१७३९" च्या शेपटाला असतील. म्हणजे बघायची पानं १७३९ च्या शेवटच्या दिवसांपासून १७४० संपेपर्यंत. बाप्तिस्मा जन्मानंतर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी झालेला असू शकतो, म्हणून तिथून पुढेही थोडं सरका.

लहान मुलांच्या दगडांवर पुष्कळदा वर्षं, महिने, दिवस असं पूर्ण वय असतं. ते सहसा खरं निघतं, आईबापांना ते पाठ असतं. फक्त जन्म सप्टेंबर १७५२ च्या आधीचा आणि मृत्यू नंतरचा असेल तर वजाबाकीत ११ दिवसांचा फरक येणार हे धरून चाला.

म्हाताऱ्या माणसांच्या वयावर इतका भरवसा नको. १८१२ च्या कायद्याने १ जानेवारी १८१३ पासून छापील फॉर्म आला. एका पानावर आठ दफनं, आणि रकाने पाच: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, विधी करणारा. त्याआधी वय लिहायचं बंधन नव्हतं, पुष्कळ नोंदवह्यांत ते नाहीच. १८१३ नंतरचं वयसुद्धा नातेवाइकाने सांगितलेलं, अंदाजाचं असतं. साठ, सत्तर, ऐंशी हे आकडे संशयाने बघा. सत्तरीपुढच्या माणसाला तीन-चार वर्षांची सूट द्यायलाच हवी.

१ जुलै १८३७ नंतरचा मृत्यू असेल तर सरकारी नोंदणी आहे, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या ऑनलाइन सूचीत अगदी सुरुवातीपासून वय दिलेलं आहे. जुन्या छापील सूचीत ते १८६६ पासून मिळतं. नव्या सूचीत एक खोड आहे: बाळांचे महिने काही ठिकाणी वर्षं म्हणून नोंदले गेलेत, त्यामुळे पाच महिन्यांचं बाळ पाच वर्षांचं दिसू शकतं. ही सूची तिमाहीनुसार आहे आणि तिमाही नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. ३० मार्चचा मृत्यू जून तिमाहीत सापडला तर नवल नाही. मृत्यूच्या दाखल्यावर दफनाची जागा नसते हेही आधीच माहीत असलेलं बरं. लोक त्यासाठी पैसे भरतात आणि हिरमुसतात.

दफनाची नोंदच सापडत नाही

इथे शोधाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सर्वांत खर्चिक आणि लांबच्या शक्यता लोक आधी तपासतात.

पहिला प्रश्न: ज्या सूचीत शोधताय तिच्यात त्या पॅरिशची त्या वर्षांची दफनं आहेत का? फॅमिलीसर्चच्या जुन्या सूचीत भर होता बाप्तिस्मे आणि विवाहांवर. दफनं फार थोडी. फ्रीरेग स्वयंसेवकांनी भरलेली आहे आणि एखाद्या पॅरिशची १७८० पर्यंतचीच पानं झालेली असू शकतात. नॅशनल बरियल इंडेक्समध्ये खूप नोंदी आहेत, पण नाव, तारीख, वय, पॅरिश एवढंच. "अमक्याची विधवा", "तमक्याचा मुलगा" हा सगळ्यात कामाचा भाग तिथे उतरलेला नसतो. प्रत्येक साइटवर कुठली पॅरिश, कुठली वर्षं याची यादी असते. आधी ती उघडा. सूचीत काही आलं नाही याचा अर्थ बहुतेकदा "नोंद नाही" असा नसून "इथे ती वर्षंच नाहीत" असा असतो.

दुसरं, नाव. आडनाव न टाकता नुसतं पहिलं नाव, पॅरिश आणि चार-पाच वर्षांचा पट्टा टाकून बघा. कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. हॉकिन्सचा ऑकिन्स झालेला असतो आणि उलटही. जुन्या हस्ताक्षरात मोठा "एफ" दोन लहान "एफ" काढून लिहीत, "आय" आणि "जे" एकमेकांच्या जागी येत, आणि शब्दामधला लांब "एस" हा "एफ"सारखा दिसतो. संक्षेपांनी तर अनेक घराणी बुडवलीत. "जे एन ओ" म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. "जे ए एस" म्हणजे जेम्स आणि "जे ओ एस" म्हणजे जोसेफ, आणि घाईच्या अक्षरात हे दोन अगदी सारखे. "एक्सपीएचईआर" म्हणजे ख्रिस्तोफर. १७३३ पूर्वीची नोंद लॅटिनमध्ये असेल तर जेम्स "याकोबुस" होतो आणि विल्यम "गुलिएल्मुस". पॉली ही मेरी असू शकते, नॅन्सी ही ॲन, पेगी ही मार्गारेट.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर दुसरी प्रत मागवा. १५९८ पासून पॅरिशने दरवर्षी नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची असा नियम होता. या नकला, म्हणजे बिशप्स ट्रान्सक्रिप्ट, वेगळ्या जागी ठेवल्या गेल्या. म्हणून मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी खाल्ली असली तरी नक्कल शाबूत असू शकते. मूळ वही शाबूत असली तरीही नक्कल बघावी. नक्कल करताना कारकुनाने एखादं नाव गाळलं, तसंच कधी मूळ वहीत नसलेला तपशील घातलाही. बहुतेक नोंदवह्या आणि नकला आता काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात किंवा त्यांच्या स्कॅनमध्ये मिळतात. चर्चमध्ये जाऊन "जुन्या वह्या दाखवा" म्हणण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

१६४२ ते १६६० हा यादवीचा आणि राजाविना राज्याचा काळ. पुष्कळ पॅरिशच्या नोंदी यात तुटलेल्या आहेत, आणि १६५३ पासून काही वर्षं नोंद ठेवायचं काम पाद्र्याकडून काढून निवडलेल्या माणसाकडे दिलं होतं. या भोकात कुणी हरवलं असेल तर आवारातला दगडही शोधू नका, त्या काळातला बाहेर उघड्यावरचा दगड विरळाच.

त्यानंतर नकाशा काढा. गावाभोवती सात-आठ किलोमीटरमधली प्रत्येक पॅरिश तपासायची. विधवा लेकीकडे राहायला जाते आणि तिथेच पुरली जाते. उलट दूर मेलेला सधन माणूस आपल्या गावी आणला जातो. बायको पहिल्या बाळंतपणात गेली तर ती माहेरच्या पॅरिशमध्येही असू शकते. १८३४ नंतर गरीब माणूस युनियन वर्कहाउसमध्ये, म्हणजे अनेक पॅरिशनी मिळून चालवलेल्या गरिबांच्या आश्रयघरात, मेला, तर तो वर्कहाउस ज्या पॅरिशमध्ये आहे तिथल्या वहीत सापडण्याची शक्यता मोठी. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्यानंतर वर्कहाउसमधलं बेवारस प्रेत वैद्यकीय शाळेकडे जाऊ शकत होतं, आणि मग दफन मृत्यूनंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, शाळेजवळच्या दफनभूमीत. मृत्यू आणि दफन यांत असा मोठा फरक दिसला तर ही शक्यता लक्षात ठेवा.

शहरातलं घराणं असेल आणि साल १८५० च्या पुढचं असेल, तर चर्चचं आवार सोडून द्या. १८५२ नंतरच्या दफन कायद्यांनी भरून गेलेली शहरी आवारं एकामागून एक बंद झाली. बंदीचे हुकूम लंडन गॅझेटमध्ये छापले जात आणि ते गॅझेट ऑनलाइन चाळता येतं. त्यात आपल्या चर्चचं नाव शोधा आणि बंदीची तारीख काढा. त्या तारखेनंतर घराण्याचं जुनं दफनाचं तळघर असेल तरच अपवाद, बाकी सगळे नव्या सार्वजनिक किंवा खासगी कबरस्तानात. लंडनमध्ये ही कबरस्तानं आणखी आधीची आहेत: केन्सल ग्रीन १८३३ चं, हायगेट १८३९ चं. त्यांच्या वह्या काउन्सिलकडे किंवा कंपनीकडे असतात. त्यातल्या अनेक वह्या "डिसीज्ड ऑनलाइन" या साइटवर आहेत. फायदा असा, की तिथे कबरीला क्रमांक असतो आणि त्याच कबरीत आणखी कोण आहे ते कळतं. चर्चच्या आवारात असा क्रमांक जवळपास कधीच नसतो.

पंथ वेगळा असेल तर काय? बाप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे मंडळींच्या १८३७ पर्यंतच्या बऱ्याच वह्या सरकारने गोळा केल्या. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत, क्वेकरांच्या आरजी ६ मध्ये. लंडनमधल्या अशा लोकांसाठी बनहिल फील्ड्सची दफनभूमी पहिली तपासावी; ती १८५४ ला बंद झाली. पण वेगळ्या पंथाचा माणूस अँग्लिकन वहीत नसणारच, असंही नाही. गावात दुसरी जागा नसल्याने कॅथलिक आणि मेथडिस्ट सगळे पॅरिशच्या आवारातच जात. १८८० च्या कायद्यानंतर तर अँग्लिकन विधीशिवायही तिथे पुरता येऊ लागलं आणि विधी करणाऱ्याच्या रकान्यात त्या कायद्याचा उल्लेख दिसतो. तो दिसला की घराणं चॅपलवालं, म्हणजे अँग्लिकन नसलेल्या पंथाचं, असावं हा मोठा धागा हाती लागतो.

बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं बऱ्याच वह्यांत नाहीतच. त्यासाठी वेळ घालवू नका.

आणि नोंद सापडली तर तिच्या कडेच्या खुणा वाचायला विसरू नका. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता. त्यामुळे या अकरा वर्षांत नावापुढे "पी" (पॉपर, म्हणजे गरीब) दिसला म्हणून घराणं कंगाल होतं असं लगेच लिहू नका. सहृदय पाद्री तो "पी" उदारपणे टाकत. १६७८ च्या कायद्याने प्रेत लोकरी कापडातच पुरायचं आणि आठ दिवसांत तसं शपथपत्र द्यायचं असा दंडक होता, नाहीतर पाच पौंड दंड. वहीत शपथपत्राची खूण असते ती त्याची. त्या काळात ज्याच्यापुढे दंड भरल्याची नोंद आहे तो माणूस लिननमध्ये पुरला गेला, म्हणजे पैसेवाला. यॉर्कशायरमध्ये १७७७ पासून काही पॅरिशमध्ये डेड नावाच्या पाद्र्याच्या पद्धतीने नोंदी ठेवल्या जात, त्यांत मृत्यूचं कारण आणि आईबापही मिळतात. आपली पॅरिश त्यांत निघाली तर वर्षभराची शोधाशोध एका पानात संपते.

स्कॉटलंडमधल्या जुन्या पॅरिश वह्यांत दफनं तुटक आहेत. तिथे प्रेतावर घालायच्या कापडाच्या भाड्याचा हिशेब शोधावा, तोच दफनाची नोंद म्हणून चालतो. आयर्लंडमध्ये १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या, म्हणून तिथे दगडच पहिला पुरावा.

नोंद आहे, दगड नाही

बहुतेकांना दगड मिळालाच नाही. ही बाब मनाला लावून घेऊ नका. गरिबांच्या कबरीवर काही नसे किंवा लाकडी फळी असे, ती कुजली. क्वेकरांनी तर १८५० पर्यंत दगड उभारणंच नापसंत केलं होतं. कबरस्तानातल्या सार्वजनिक कबरीत अनोळखी माणसं एकावर एक पुरली जात, तिथे दगडाची परवानगीच नसे.

तरीही दगड एकेकाळी होता अशी शंका असेल, तर आवाराच्या भिंतीपाशी आणि चर्चमधल्या फरशीवर बघा. गवत कापायला सोपं जावं म्हणून विसाव्या शतकात हजारो दगड उपटून भिंतीला टेकवले गेले किंवा पायवाटेत घातले गेले. लंडनच्या सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात तर रेल्वेसाठी जागा करताना हलवलेले दगड एका ॲशच्या झाडाभोवती रचलेले होते. ते झाड डिसेंबर २०२२ मध्ये कोसळलं. असा दगड सापडला तर त्याखाली माणूस नाही, हे नोंदीत लिहा. बांधकामासाठी कबरी हलवल्या असतील तर नॅशनल आर्काइव्ह्जची आरजी ३७ ही मालिका तपासा. त्यात हलवलेल्या कबरी आणि दगडांच्या नोंदी आहेत, कधी पूर्ण मजकुरासकट.

सगळ्यात चांगला उपाय आवारात नाहीच. काउंटीच्या फॅमिली हिस्टरी सोसायट्यांनी गेल्या शतकात गावोगाव दगड वाचून त्यांची पुस्तकं केली. तेव्हा वाचता येणारे दगड आज गुळगुळीत झालेत. लंडनच्या सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्सकडे अशा प्रतींचा मोठा साठा आहे. जुन्या काउंटी इतिहासांतही चर्चमधल्या स्मारकांचे मजकूर सापडतात. प्रवासाचं तिकीट काढण्याआधी हे बघायचं.

मोठ्या दगडाच्या पायथ्याच्या बाजूला, दोनेक मीटरवर, एक छोटा दगड असतो: आद्याक्षरं आणि साल एवढंच. डोक्याचा दगड हरवला तरी हा उरलेला असतो. गवतात पाय ठेवताना जपून.

दगडावर नाव आहे, पण दफनाची नोंद कुठेच नाही

दगडावरचं प्रत्येक नाव खाली पुरलेलं असतं असं नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून सैनिकांची प्रेतं मायदेशी आणायला बंदी होती. आईबापांच्या दगडावर मुलाचं नाव असतं आणि मुलगा फ्रान्समध्ये. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची बघा. समुद्रात गेलेले, वसाहतींत मेलेले यांचंही तसंच. १८८५ नंतर दहन हीही शक्यता आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती दुर्मीळ.

एकाच दगडावरची सगळी माणसं एकाच कुटुंबातली असतात, हे तर अजिबात गृहीत धरू नका. लीड्सच्या बेकेट स्ट्रीट कबरस्तानात "गिनी ग्रेव्ह्ज" आहेत: एक गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून सामायिक दगडावर नाव कोरून घ्यायचं. शेजारच्या ओळीतलं नाव पूर्ण परक्याचं.

दगड केव्हा कोरला हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तीन मृत्यू, तीस वर्षांचं अंतर, पण अक्षरांची वळणं, खोली आणि ओळींमधलं अंतर अगदी एकसारखं असेल, तर सगळं शेवटच्या मृत्यूनंतर एका दमात कोरलंय. मग पहिल्या दोन तारखा आठवणीतून आलेल्या आहेत, आणि नोंदवहीशी भांडण झालं तर नोंदवहीचं ऐका. अक्षरं प्रत्येक नावाला बदलत असतील तर दगडाचं वजन वाढतं. खाली मोकळी जागा सोडलेली असेल तर ती जोडीदारासाठी होती, आणि त्या जोडीदाराने कदाचित पुन्हा लग्न केलं. दुसरा विवाह शोधा.

दगड वाचता येत नाही

आधी काय करायचं नाही ते. तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही, घरगुती साबण नाही. खडू, पीठ, शेव्हिंग फोम चोळून अक्षरं उठवायचे व्हिडिओ फिरतात. फोममधली रसायनं दगडाच्या छिद्रांत राहतात आणि दगड लवकर झिजतो. कागद ठेवून घासणंही नको. वालुकाश्माचे थर आतून सुटलेले असतात, नुसत्या दाबाने पापुद्रा अक्षरांसकट खाली येतो. दगडावरचं शेवाळ-दगडफूलही खरवडू नका. कित्येकदा ते खाचेतच वाढतं आणि त्याच्या रंगामुळेच अक्षर दिसतं. सफाईच करायची असेल तर पाद्र्याची किंवा आवार सांभाळणाऱ्याची परवानगी घ्या. इंग्लंडच्या चर्चमध्ये दगडात बदल करायचा तर धर्मप्रांताची अधिकृत मंजुरी लागते.

बहुतेक वेळा काम प्रकाशाने होतं. अक्षर दिसतं ते सावलीमुळे, म्हणून उजेड दगडावर समोरून नव्हे, कडेने घसटत यायला हवा. बरेच दगड पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असतात. त्यामुळे इंग्लंडमध्ये सूर्य दक्षिणेला असतो तेव्हा, म्हणजे उन्हाळी वेळेनुसार दुपारी एकच्या आसपास, उजेड दगडाला कडेने लागतो. असा उजेड थोडाच वेळ मिळतो. सकाळी नऊला गेलात तर पूर्वमुखी दगड सपाट पांढरा दिसेल. सावलीतल्या दगडासाठी उभा आरसा न्या. एकाने उन्हात दोन-तीन मीटरवर आरसा धरायचा, झोत दगडाच्या कडेवरून सोडायचा, दुसऱ्याने फोटो काढायचे. ढग असतील तर दगडावर जाड काळं कापड धरून कडेने टॉर्च लावा. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी वेगळा फोटो; उभी रेघ एका उजेडात दिसते, आडवी दुसऱ्यात. साध्या पाण्याचा फवारा कधी कधी स्लेटवर मदत करतो.

दगडाच्या जातीवरून अपेक्षा ठरवा. स्लेट अडीचशे वर्षांनीही कालच कोरल्यासारखी असते. चुनखडक पावसातल्या आम्लाने विरघळतो, अक्षरं उथळ होत जातात पण कडेच्या उजेडात उठतात. वालुकाश्म थरांनी सुटतो आणि गेलेला भाग परत मिळत नाही. व्हिक्टोरियन काळातल्या संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असत. ती गळाली तरी खिळ्यांची भोकं राहतात. भोकांची मांडणी उतरवून घेतली तर अक्षर ओळखता येतं.

आकड्यांत १, ४ आणि ७ एकमेकांत मिसळतात. ३, ५ आणि ८ तसेच. ०, ६ आणि ९ सुद्धा. म्हणून शंकेचा आकडा एकटा वाचू नका. दगडावरची तारीख आणि वय हे दोन्ही लागू पडतील असं दफन नोंदवहीत कुठल्या सालात आहे ते बघा. १८३१, १८३७ आणि १८७१ यातलं एकच बसेल. खालच्या ओळी मातीत गेल्या असतील तर खणू नका. दगड हलतो का ते न ढकलता, नुसतं बघून ठरवा आणि हलत असेल तर समोर उभे राहू नका. पाचशे किलोचा दगड पडताना सूचना देत नाही.

"फाइंड अ ग्रेव्ह" या थडग्यांच्या साइटवर नोंद आहे पण दगडाचा फोटो नाही, अशी पानं पुरावा म्हणून धरू नका. ती कुणीही, दगड न बघता, दुसऱ्याच्या वंशवृक्षावरून तयार करू शकतो. "बिलियनग्रेव्ह्ज" या दुसऱ्या साइटवर फोटोला जागेचे निर्देशांक जोडलेले असतात, म्हणून तिथली नोंद निदान कुणीतरी उभं राहून केलेली असते.

एकाच नावाचे दोघं, आपला कोणता?

आडनाव स्मिथ असो वा नसो, एका पॅरिशमध्ये एकाच वेळी तीन थॉमस असणं नेहमीचं आहे. इथे दफनाच्या नोंदीचा खरा उपयोग होतो: माणूस जोडण्यासाठी नव्हे, वगळण्यासाठी. तुम्हाला १७४० च्या सुमाराचा बाप्तिस्मा सापडला आणि तो आपलाच असं वाटलं, की त्याच नावाचं दफन पुढच्या दहा वर्षांत शोधा. "अमक्याचा मुलगा" अशी नोंद मिळाली तर तो बाप्तिस्मा गेला. तेच नाव पुढच्या मुलालाही ठेवायची रीत होती, त्यामुळे एकाच आईबापांचे दोन थॉमस दिसले तर पहिला बहुधा वारलेला असतो, आणि त्याचं दफन मिळायला हवं.

शब्दांचे अर्थही तेव्हाचे घ्या. "सीनियर" आणि "ज्युनियर" म्हणजे बाप-लेकच असं नाही, गावातले त्या नावाचे थोरला आणि धाकटा एवढंच. थोरला वारला की धाकटाच सीनियर होतो. अठराव्या शतकात "मिसेस" मानाचं होतं, अविवाहित बाईलाही लागायचं. "रेलिक्ट" म्हणजे विधवा, आणि दगडावर हा शब्द असेल तर नवऱ्याचं दफन त्या तारखेच्या आधी शोधायचं, नंतर नव्हे.

मग एक तक्ता करा. पॅरिशमधल्या त्या आडनावाच्या सगळ्या नोंदी, पन्नास वर्षांच्या, एकाखाली एक: बाप्तिस्मे, विवाह, दफनं. प्रत्येक दफन एखाद्या बाप्तिस्म्याशी किंवा विवाहाशी जोडत जा. उरलेल्या दफनांत बाहेरून आलेले असतात आणि उरलेल्या बाप्तिस्म्यांत गाव सोडून गेलेले. १८१३ नंतर राहण्याच्या ठिकाणाचा रकाना इथे फार मदत करतो. एकाच नावाच्या दोघांपैकी एक गिरणीपाशी राहतो आणि दुसरा टेकडीवरच्या शेतात. त्यानंतर मृत्युपत्र, १८४१ पासून जनगणना.

तरीही दोघं उरले तर दोघंही वंशवृक्षात ठेवा, प्रत्येकाखाली नोंदवहीचं पान आणि कुठला पुरावा त्याच्या बाजूचा, कुठला विरुद्ध, हे लिहून. दगडाचा मजकूर उतरवताना ओळी जिथे तुटतात तिथेच तोडा, न वाचलेल्या अक्षराच्या जागी चौकोनी कंसात टिंब टाका, आणि अंदाजाने भरलेलं अक्षर वेगळ्या खुणेने दाखवा. नुसता सारांश लिहिलात तर पुढच्या वेळी तोच दगड पुन्हा वाचायला जावं लागेल.